बरकतच्या कार्डावर

—नाही मामा, पेपरवाला नाही मी, आणि युनियनचाही नाही. कॉलेजचा आहे, चिंचवडला ते सकाळचं कॉलेज भरतं ना, तिथला. बसू का इथं बाकावर? पुढच्या गेटला मला उभं राहवेना. तिकडं सगळे हसतायत. कुणीतरी पेढे आणायला गेलंय भोसरीच्या चौकात — माणूस सापडला म्हणून. तुम्हाला इकडं मागच्या गेटला बातमी आली ना? आलीच असणार. बरकत सापडला. बरकत नवाब शेख, दुसरी शिफ्ट, सँड प्लांट. कार्डं मोजली, माणसं मोजली, तर एक माणूस कमी पडला, तो हाच. मग त्याच्या नावानं हाका मारत अख्खी फौंड्री वाळू उपसायला लागली, बंब आला, ॲम्ब्युलन्स आली — आणि हा बाहेरून चालत आला, रस्त्यानं, माझ्याबरोबर. लोकांनी उचललाच त्याला. मॅनेजरसाहेबांनी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही, वर बघून जोडले, आणि म्हणाले, सगळे आले, आता फावडी ठेवा, उरलेला पत्रा कुणाच्या तरी डोक्यात पडेल, सकाळी क्रेन आणू. बंब गेला. ॲम्ब्युलन्स गेली. ह्या फाटकाला कुलूप लागलं. तुम्हीच लावलंत ना? चावी तुमच्याकडंच असते? — नाही, सहज विचारलं.

आवाज झाला तेव्हा तुम्ही इथंच होतात? म्हणजे ह्या भिंतीच्या पलीकडंच की. मला एकानं सांगितलं, वाळूचा तो मोठा हॉपर, ती उंचावरची टाकी, मुळातून बसला, वरचं छप्पर घेऊन, आणि खालचा खड्डा — जिथं पट्ट्याखाली सांडलेली वाळू ओढायला एक माणूस उभा असतो — तो खड्डा अर्ध्याच्या वर भरला. अर्ध्याच्या वर म्हणजे किती हो? माणूस उभा असला तर कुठपर्यंत? छातीपर्यंत? आणि पत्रा आडवा पडला असेल तर खाली जागा राहते ना थोडी, हवा राहते — राहतेच, फिजिक्स आहे ते. मी कशाला विचारतोय. आत कुणी नाहीच आहे. सगळे आले.

ते ऐकलंत? टक् टक् असं. नाही? पत्रा गार होताना वाजतो, हो, माहीत आहे मला, वडील माझे पण कंपनीतच आहेत, पिंपरीला. पत्राच असणार.

डब्याचा भोंगा झाला का हो? व्हायचाय अजून? मग वेळ आहे. नाही, मी एका मित्राची वाट बघतोय, विलास म्हणून आहे, सायकलवर दिघीला गेलाय, येईल आता. चढ आहे जाताना, येताना उतारच. आला की मी जातो. हा गुडघा? हा मॅचमध्ये फुटला, इथं नाही. आज खडकीला सेमीफायनल होती आमची. फुटबॉल. हसा मामा, सगळेच हसतात. भोसरीत कुस्ती आणि कबड्डी सोडून तिसरा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा, हे मी लहानपणापासून ऐकतोय. पण मला सांगा, एवढी जमीन घेतली कंपन्यांसाठी, ज्वारीच्या रानात शेडा उभ्या राहिल्या, कॅन्टीन झाली, साहेबांचे बंगले झाले, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं त्या माणसाच्या पोरानं संध्याकाळी पळायचं कुठं? कुणाला सुचलं का एक मैदान? नाही सुचलं. आम्ही केलं. कॉलेजच्या मागं बाभळी होत्या आणि दगड. उन्हाळाभर आम्ही दगड वेचले. गोलाचे खांब म्हणजे गटाराचे पाइप, कुठून आणले ते विचारू नका.

आणि टीम कोण, तर बघा — एक बरकत, गोलकीपर, वडील नवाबचाचा स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करतात, दुरुस्त करायचे म्हणजे, आता हात थरथरतो त्यांचा, घर बरकतच चालवतो. विलास, लेफ्ट आउट, गावातला, ह्यांचीच जमीन गेली. मी, आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो. दोघं मराठवाड्यातले, एक कोकणातला, तो पास देताना पण भांडतो. सगळे कुठल्या ना कुठल्या शिफ्टला. सकाळी कॉलेज, दुपारी कंपनी, नाहीतर रात्री कंपनी आणि वर्गात झोप. आमची टीम सर निवडत नाहीत मामा, शिफ्टचा तक्ता निवडतो. पहिल्या मॅचला नऊच जण उतरलो, दोघांना ओव्हरटाइमला थांबवलं होतं. सहा गोल खाल्ले. आणि समोरचे ते शहरातल्या कॉलेजचे, सगळ्यांचे मोजे एकसारखे, त्यांची पोरं कडेला उभी राहून आमच्या पायात बॉल आला की कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज काढायची. भों करून. शिफ्ट सुटली, घरी जा, म्हणायची. मी बॉल सोडून त्यांच्या अंगावर गेलो, तर रेफरीनं मलाच बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी मैदानावर मी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं — हा खेळ कुणाच्या बापाचा नाही, आपण ह्याच सीझनला फायनलला जायचं, आणि भोंगा वाजवणाऱ्यांना भोंगा ऐकवायचा. अर्धा तास बोललो. तेव्हापासून ज्योतीराम मला ‘लेक्चर’ म्हणतो. काय लेक्चर, आज कशावर?

ज्योतीराम कोण? कोणी नाही. ओळखीचा आहे. टीममधला नाही तो.

सीझन म्हणाल तर — दुसरी मॅच बरोबरी. तिसरी जिंकलो, एक गोल, तोही त्यांच्याच पोराच्या गुडघ्याला लागून गेलेला, पण गोल म्हणजे गोल. त्याच्यानंतर बघा आम्ही हरलोच नाही. का? बरकतमुळं. फौंड्रीचे हात आहेत ते, मामा. बॉल ओला झाला की चामड्याचा दगड होतो, शहरातले गोली तो पंजानं ढकलतात. हा छातीशी धरतो, लेकरासारखा, आणि उठून हसतो. आज त्यानं पेनल्टी अडवली. शेवटची पाच मिनिटं, आम्ही एकनं पुढं, आणि त्यांचा कॅप्टन मारायला उभा. मी तर पाठ फिरवली होती. मला बघवेना. आवाजावरून कळलं. त्यांच्या बाजूचा भोंगा अर्ध्यात बंद पडला — भों, आणि मग काही नाही. फायनलला गेलो मामा आम्ही. सकाळच्या कॉलेजची, शिफ्टवाल्यांची टीम, फायनलला. बसमध्ये नाचत आलो इथपर्यंत. बरकतला तर —

काय?

हो. म्हणालो मी तसं. बरकत मॅचला होता.

असं बघू नका ना. होता. चारपासून सहापर्यंत खडकीच्या ग्राउंडवर होता, बापरे, दोनशे लोकांनी बघितलाय त्याला. आणि त्याचं कार्ड तीन वाजता इथं पंच झालंय. तुम्ही काय लहान आहात का, तुम्हाला माहीत नाही का, एकाचं कार्ड दुसरा पंच करतो हे कुठल्या कंपनीत होत नाही? आमच्या वडिलांच्या खात्यात होतं. कुणाची बायको अडलेली असते, कुणाला गावाकडं अंत्यविधीला जायचं असतं. बरकतला मॅचला जायचं असतं. मॅच चारला, शिफ्ट तीनला. टेंपररी माणूस आहे तो, पुढच्या महिन्यात परमनंटची ऑर्डर निघायची आहे, रजा मागितली तर घरी बस म्हणतात. मग काय करायचं? मी मार्ग काढला. मीच काढला. त्यात चूक काय? आठ तास त्याचे विकत घेतलेत कंपनीनं, त्याचे हात नाही घेतले कायमचे.

बसमधून उतरलो तर चौकातच बातमी. फौंड्रीत सँड प्लांट बसला, बरकत नावाचा पोरगा आत आहे. आम्ही एकमेकांकडं बघितलं. पोरगं माझ्या शेजारी उभं, हातात बूट, आणि लोक त्यालाच सांगतायत की बरकत मेला. मला पहिल्यांदा हसू आलं. खरंच आलं. मग बरकतचं तोंड बघितलं. तो पळत सुटला, मी मागं. गेटजवळ मी त्याला धरला. म्हटलं, थांब. जर्सीवर शर्ट घाल. आणि विचारलं तर सांग, संडासला गेलो होतो, आवाज झाला, घाबरून मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळालो. तो म्हणाला, लेकिन वो — मराठीच बोलतो तो आमच्याशी, घाबरला की मग घरची भाषा. म्हटलं, पाच मिनिटं गप्प बस. विलासला पाठवतो दिघीला. तो येईपर्यंत गप्प.

तर तसंच सांगितलं त्यानं. आणि त्यांनी फावडी ठेवली.

मी ना मामा, आणीबाणीत सतरा वर्षांचा होतो. चुन्यानं भिंतीवर लिहायचो, पहाटे, पोलीस चौकीच्या समोरच्या भिंतीवर. एकदा वर्गात उभा राहून प्रिन्सिपॉलना तोंडावर म्हणालो, तुम्ही खोटं बोलताय. ते पोराला घाबरले. आणि आज तिकडं गेटला उभा होतो, मॅनेजर माझ्यापासून हातभर, लोक फावडी भिंतीला टेकवून ठेवत होते, एकेक, टेकवताना आवाज येतो ना तो — मला एक नाव घ्यायचं होतं फक्त. तोंड उघडलं मी. मग कुणीतरी मला चहा दिला. मी प्यायलो.

कुणाचं नाव म्हणजे? कुणाचं नाही. — बसा ना मामा, उठताय कशाला. सांगतो. भिऊन काही होत नाही, नीट सांगतो.

नुसतं कार्ड पंच करून भागत नाही. सँड प्लांटला माणूस नसला की पट्टा तुंबतो, तुंबला की फोरमन येतो. म्हणून तिथं कुणीतरी उभं राहावं लागतं. खड्ड्यात एकटाच माणूस असतो, तोंडाला फडकं, डोक्याला फडकं, काळी धूळ, आत एक दिवा — तिथं बरकत उभा आहे का आणखी कोण, ते फोरमनला वरून कळत नाही. त्याला फावडं हलताना दिसलं की झालं. म्हणून पहिल्या शिफ्टचा एक जण थांबतो. तीनला स्वतःच्या कार्डावर बाहेर पडतो, आणि बरकतच्या कार्डावर परत आत जातो. स्वतःचं कार्ड सांगतं, हा गेला. गेला म्हणून त्याला कुणी मोजत नाही. सगळ्या सीझनभर, मॅच असली की. हां. ज्योतीराम. उंच, किडकिडीत, हसताना तोंडावर हात धरतो, बघितलंय की तुम्ही त्याला.

तो का करतो? मला पण कळलं नव्हतं. मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा लेक्चरच दिलं, कामगारांची एकजूट वगैरे. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, ते समदं खरं, पर मॅच म्हंजी काय असतंय ते सांगा. बरकत त्याला त्या दिवसाचा पगार देऊ लागला तर घेईना. म्हणाला, पैसं नगं, मॅच सांगायची. तेवढंच बोलणं झालं. तेव्हापासून मॅचच्या दुसऱ्या दिवशी तीनला मी येतो, चहाच्या टपरीवर, आणि त्याला मॅच सांगतो. सगळी. कुणी कुणाला पास दिला, बॉल कुठं पडला, कोण घसरलं. साखरेचे दाणे मांडून दाखवतो. तो मधेच थांबवतो — थांबा लेक्चर, तवा विलास कुटं हुता? आणि विलास चुकीच्या जागी होता हे त्याला माझ्या आधी कळतं. एकही मॅच बघितलेली नाही त्यानं, मामा. कशी बघणार? मॅच असते तेव्हा तो खड्ड्यात असतो. फायनल गुरुवारी आहे. गुरुवारी भोसरीची वीज बंद, कंपनी बंद. परवा मी त्याला म्हटलं, आम्ही फायनलला गेलो तर तू येशील, पहिल्यांदा बघशील. तर तो लाजला. म्हणाला, आईला पन आनतो, तिला वाटतंय मी खोटंच सांगतो.

पण आज तो आत नाही. ऐका ना. आज तो आत नसणार, म्हणूनच मी गप्प बसलो, नाहीतर मी काय राक्षस आहे का? सकाळी कॉलेजला जाताना मी बरकतचं कार्ड द्यायला इथंच आलो होतो, तर त्याचं अंग तापलेलं. डोळे लाल. मी म्हटलं, ज्योतीराम, आज नुसतं कार्ड पंच कर आणि भिंतीवरून घरी जा. पट्टा तुंबला तर तुंबला, फोरमन येईतोवर पाच वाजतील, सातला आम्ही परत. मी असं म्हटलं. स्पष्ट म्हटलं. तो काय म्हणाला? तो म्हणाला, बघू. आता बघू म्हणजे काय? बघू म्हणजे हो. आपल्याकडं माणूस हो म्हणत नाही, बघू म्हणतो. माझे वडील म्हणतात तसंच. तापानं फणफणलेला माणूस, सकाळपासून एक शिफ्ट केलेला, तो कशाला पुन्हा त्या खड्ड्यात उतरेल, ह्या अकरा पोरांसाठी ज्यांना तो धड ओळखत पण नाही? नाही उतरणार. मी नसतो उतरलो.

आणि दुसरं सांगतो, हे तर तुम्हालाच माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. तो डबल करतो त्या दिवशी त्याची आई, सोजरबाई, दुसरा डबा घेऊन येते. दिघीहून चालत, भोंग्याच्या आधी, ह्याच गेटला, आणि तुमच्याच हातात देते. भाकरी आणि ओल्या मिरचीचा खर्डा, वास इथपर्यंत येतो, तुम्हीच मागे ज्योतीरामला म्हणाला होतात की हा डबा मला ठेवून जा. आज आणला का तिनं? सांगा ना. नाही ना आणला? मग. झालं की. आई काय लेकाचा डबा विसरेल? तो घरी पोचला असणार, गोधडी घेऊन पडला असणार, म्हणून डबा नाही. तुमच्या त्या खुंटीवर डबा नाही हे मी आल्या आल्या बघितलं, म्हणून तर इथं बसलो. तिकडं जास्त भीती वाटत होती. इथं खुंटी दिसते.

भोंगा व्हायचाय, हो, माहीत आहे. म्हणजे अजून वेळ आहे असं तुम्हाला म्हणायचंय. पण ती आधी येते. नेहमी आधी येते ना? कधी कधी भोंग्यालाच येते? कधी कधी.

ऐका. पुन्हा. टक्, टक्, टक्. पत्रा असा सारखा सारखा वाजतो का? सारख्या अंतरानं?

मामा, चावी कशाला काढताय. थांबा. एक मिनिट थांबा, विचार करू. तुम्ही आत जाऊन काय करणार एकटे? ओरडणार. माणसं येणार. मॅनेजर विचारणार, कोण आहे आत, कार्डं तर सगळी जुळली. मग बरकत खोटा पडला. परमनंट सोडा, पोलिसात जाईल. ज्योतीराम घरी झोपलेला असेल तर तोही गेला, दुसऱ्याचं कार्ड पंच केलं म्हणून, आणि घरी निजल्या निजल्या त्याची भाकरी गेली, तापात, काही कारण नसताना. नवाबचाचांच्या घरात चूल कशावर पेटायची? सोजरबाईला कोण बघणार? मीच हे सगळं जुळवलं, मग मीच दोन घरं बुडवायची, नुसत्या शंकेवर? विलास येतोय की. पाच मिनिटं. पाच मिनिटांत काय होतं —

काय होतं ते मला माहीत आहे. वाळू बसते. गरम वाळू, हळूहळू, खाली खाली. मी ते कधीपासून डोळ्यासमोर बघतोय आणि तुमच्याशी फुटबॉलवर बोलतोय.

मी भ्यालोय मामा. ज्योतीरामसाठी भ्यालोय असं मला वाटत होतं. तसं नाहीये. तो आत निघाला तर लोक मला विचारतील, कुणाची कल्पना होती. ह्याला भ्यालोय. लाज वाटते सांगायला. ठीक आहे, काढा चावी. काढा. मी येतो तुमच्याबरोबर, मी ओरडतो, माझा आवाज मोठा आहे. माझंच नाव सांगा, बरकतचं —

थांबा. तो दिवा बघा. सायकलचा दिवा, तो वळणावर. विलासच आहे, त्याचा डायनॅमो असाच लुकलुकतो. आणि बघा — बघा मामा, मागं कुणीतरी बसलंय. दोघं आहेत. कॅरिअरवर दुसरा आहे. आणला त्यानं ज्योतीरामला. तापातनं उठवून आणला, वेडा आहे विलास, मी म्हटलं होतं नुसतं बघून ये. — अहो हसा की. घरीच होता. म्हटलं नव्हतं मी तुम्हाला? बघू म्हणजे हो. आता एक करा मामा, मी जे काही बोललो ना, ते विसरा. कार्डाचं, भिंतीचं, सगळंच. बडबड्या आहे मी, तो मला लेक्चर म्हणतो ते उगीच नाही. ठेवा ती चावी कमरेला. गुरुवारी या तुम्ही पण मॅचला, ज्योतीरामच्या शेजारी जागा धरतो तुमची, तो तुम्हाला समजावून सांगेल सगळं, कोण कुठं चुकलं ते. आणि बरकतला मी आज रात्रीच सांगतो की पुन्हा असं काही करायचं नाही, आपण रीतसर अर्ज देऊ, मी लिहून देतो, भांडू, पण हे नाही. हे पुन्हा नाही. — ए विलास, इकडं, मागच्या गेटला. किती सावकाश चालवतोस. काय गोधडीसकट आणलास का त्याला? डोक्यावरून काय घेतलंय त्यानं —

पदर आहे.

मांडीवर काय आहे तिच्या, मामा? तुम्हाला दिसतंय का? तुम्ही सांगा. मला सांगवत नाही.

उघडा. कुलूप उघडा मामा, पळा, खड्ड्याच्या उजव्या अंगाला तो उभा असतो, दिव्याखाली, तिथून उपसा. विलास, उतरव तिला आणि पुढच्या गेटला जा. सायकल टाक, पळत जा. सांग, फावडी घ्या, बंबाला फोन करा. सांग, बरकतच्या कार्डावर ज्योतीराम आत आहे. नाव घेऊन सांग. माझं पण सांग.

— या मावशी. नाही, भोंगा व्हायचाय अजून. बसा इथं. द्या तो डबा माझ्याकडं.

गरम आहे.